मिटलेल्या प्रवाळांचा माग

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या टोडस्टूल लेदर प्रवाळाने आपले सगळे पॉलिप, म्हणजे फुलासारखी उमलणारी बारीक तोंडे, आत ओढून घेतले, तेव्हा मला त्यात काळजी करण्यासारखे काही वाटले नाही. छत्रीच्या आकाराचा हा मृदू प्रवाळ अधूनमधून कात टाकतो. त्याच्या अंगावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा येतो, चार-आठ दिवस तो मिटून राहतो, आणि पाण्याच्या झोतात पापुद्रा सुटून गेला की छत्रीवर पुन्हा शेकडो पॉलिप फुलतात. अडीच वर्षांत हे मी पाच-सहा वेळा पाहिले होते. या वेळी पापुद्रा आला, पण सुटला नाही. पंधरा दिवसांनी त्याच्यावर तपकिरी शेवाळ धरले आणि छत्रीची कड आत वळून वाळत घातलेल्या आंबोशीच्या फोडीसारखी सुरकुतली. तेव्हा कुठे हे कात टाकणे नव्हे, हे माझ्या ध्यानात आले.

आमचे घर डिचोलीला आहे आणि नोकरीसाठी मी रोज पणजीला जातो. काम हिशेबनिसाचे आहे. टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच असून खालच्या सम्पमधले, म्हणजे पाणी गाळणाऱ्या जोडटाकीतले पाणी धरून आणि दगडांनी व्यापलेली जागा वजा करून तिच्यात सुमारे २५० लिटर खारे पाणी असते. दोन क्लाउनफिश, एक रॉयल ग्रामा, एक क्लीनर कोळंबी, सात टर्बो गोगलगाई आणि प्रवाळांपैकी टोडस्टूल, झोअँथिड, मशरूम, ग्रीन स्टार पॉलिप व झेनिया एवढाच तिच्यातला संसार होता. दगडी सांगाड्याचे प्रवाळ आमच्याकडे एकही नाही, आणि ते मी कधी घेणारही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडक बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला, म्हणजे कायद्याने त्यांना वाघाच्या पंक्तीला बसवले. ते योग्यच झाले. हा नाद मला लागला तो मालवणला पाण्याखाली तोंड घालून जिवंत प्रवाळ पाहिल्यामुळे, आणि तिथल्या समुद्रातला एक तुकडाही घरी आणण्याचा विचार मनाला शिवू नये, असे मला तेव्हाही वाटले होते. मृदू प्रवाळ मात्र तुकडे करून वाढवता येतात. माझ्याकडचे बहुतेक तुकडे इतर हौशी लोकांच्या टाक्यांत वाढलेले आहेत.

मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुखणे टोडस्टूलपुरते राहिले नाही. झोअँथिडच्या वसाहतीतली तोंडे आधी अर्धवट आणि मग पूर्ण मिटली. झेनियाचे पंजे दिवसभर उघडझाप करतात, तीच त्याची शोभा. ती उघडझाप थांबली आणि दोन दिवसांत त्याची देठे बुळबुळीत होऊन विरघळू लागली. मशरूम दगडावरची पकड सोडून वाळूत पडले आणि त्यांचे तोंड आ वासल्यासारखे उघडे राहिले. ग्रीन स्टार पॉलिपची हिरवळ जांभळ्या चटईत गडप झाली. मासे मात्र ठणठणीत होते. सकाळी मी जवळ गेलो की पूर्वीसारखेच काचेशी येऊन खाणे मागत होते. आता मागे वळून पाहताना हीच सर्वांत मोठी खूण होती, पण त्या दिवसांत मला उलट तिचा दिलासा वाटला. मासे धड आहेत त्या अर्थी पाणी चांगले आहे, असे मी धरून चाललो.

त्यानंतर मी केले ते घाबरलेला माणूस करतो तेच. एका रविवारी शंभर लिटर, म्हणजे टाकीतले चाळीस टक्के पाणी बदलले, प्रवाळांना उजेड कमी पडत असेल म्हणून दिव्याची तीव्रता वाढवली आणि वर आयोडीनचे थेंबही घातले. तीन उपाय एकाच दिवशी केल्यामुळे, पुढच्या चार दिवसांत प्रकृती आणखी ढासळली तेव्हा ती कशामुळे ढासळली हे ठरवण्याचा मार्गच मी बंद करून टाकला होता. त्याच आठवड्यात क्लीनर कोळंबीने कात टाकली, आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतः त्या कातीशेजारी मरून पडलेली आढळली. दोन गोगलगाई काचेवरून सुटून वाळूत उताण्या पडल्या होत्या. त्यांना मी सरळ केले, पण त्या पुन्हा उलथल्या. शेवाळ पुरत नसावे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

वास्कोला माझे एक ज्येष्ठ स्नेही आहेत. वीस वर्षांहून अधिक काळ ते खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळत आहेत. त्यांना फोन करून मी सगळी हकीकत सांगितली आणि शेवटी आणखी कोणते औषध घालू, असे विचारले. ते म्हणाले, "आजपासून काही घालू नका. दिवा होता तसा करा, वही घ्या, आणि पाण्याचे सगळे आकडे एकदा लिहून मला वाचून दाखवा." त्याच संध्याकाळी मी आकडे काढले. तापमान २७.५ अंश, क्षारता हजारी ३५, पीएच ८.१, अल्कलिनिटी ७.८ डीकेएच, कॅल्शियम ४१०, मॅग्नेशियम १२९०, नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०६, अमोनिया शून्य. मृदू प्रवाळांच्या टाकीला यापेक्षा चांगले आकडे मागून मिळणार नाहीत. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आकडे बरोबर आणि प्रवाळ आजारी, असे असेल तर दोनच गोष्टी संभवतात. एक तर तुमचा एखादा आकडा खोटा आहे, नाही तर तुम्ही मोजत नाही असे काहीतरी त्या पाण्यात आहे. आधी मोजणारी यंत्रे मोजा."

सुरुवात मी रिफ्रॅक्टोमीटरपासून केली. क्षारता मोजण्याच्या या छोट्या दुर्बिणीत शुद्ध पाण्याचा थेंब टाकून शून्य जुळवायचे, अशी माझी पद्धत होती. शून्यावर काटा जुळला म्हणजे पस्तिसावरही तो जुळतो असे नाही, हे मला ठाऊक नव्हते. स्वस्तातल्या उपकरणांत मापपट्टीच थोडी तिरकस असू शकते, म्हणून तपासणी ज्या आकड्याशी आपले काम आहे त्या आकड्यावरच करायला हवी. त्यासाठी पस्तीसचे प्रमाणित द्रावण विकत मिळते. ते येईपर्यंत थांबायचे नसेल तर घरीही करता येते, कारण ३६.५ ग्रॅम साधे मीठ ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाण्यात विरघळवले की त्या पाण्यात प्रकाश जेवढा वाकतो तेवढाच तो हजारी ३५ क्षारतेच्या समुद्राच्या पाण्यात वाकतो. अर्ध्या ग्रॅमची खात्री देईल असा काटा स्वयंपाकघरात नव्हता. तेव्हा मिठाची पुडी आणि बाटली घेऊन मी बाजारातल्या आमच्या नेहमीच्या सोनाराकडे गेलो. त्यांनी काच लावलेल्या काट्यावर कागद ठेवून मीठ चिमटीचिमटीने वाढवत ३६.५ वर आणले, आणि हे कशासाठी ते ऐकून घेतल्यावर पैसे घेतले नाहीत. घरी येऊन त्या द्रावणाचा थेंब काचेवर टाकला, झाकण मिटले, अर्धा मिनिट थांबलो आणि उजेडाकडे धरून पाहिले. निळ्या-पांढऱ्या रंगांमधली रेघ पस्तिसावर यायला हवी होती, ती एकोणचाळिसाच्या रेषेला टेकली होती.

म्हणजे ज्या पाण्याला मी पस्तीस समजत होतो ते जेमतेम एकतीस होते. चोर सापडला, असेच मला वाटले. क्षारता वाढवताना घाई चालत नाही, दिवसाला हजारी एकापेक्षा जास्त वाढू नये. म्हणून वाफेने घटलेले पाणी भरताना गोड्या पाण्याऐवजी एक दिवसाआड खारे पाणी घालत मी ती बारा दिवसांत पस्तीसवर आणली. या बारा दिवसांत दुसरे काहीही केले नाही, फक्त दर संध्याकाळी वहीत प्रत्येक प्रवाळापुढे उघडा, अर्धा किंवा मिटलेला एवढेच लिहीत गेलो. तेराव्या दिवशी पाने उलटून पाहिली तेव्हा 'उघडा' हा शब्द एकदाही आला नव्हता. क्षारतेची चूक खरी होती आणि ती सुधारणे आवश्यकही होते, पण दुखण्याचे मूळ तिथे नव्हते. त्या दिवशी मी फार खचलो. खोटा आकडा सापडला होता, तरी दुसरी शक्यता शिल्लक होतीच.

मग एकेक शक्यता बाजूला सारायला घेतली. झोअँथिड खाणाऱ्या बारीक सागरी गोगलगाई त्यांच्याच रंगाच्या असतात आणि दिवसा दिसत नाहीत, म्हणून रात्री दिवे मालवून दोन-अडीच तासांनी विजेरीला लाल कागद लावून दगड तपासले. काटेरी किड्यांखेरीज काही दिसले नाही, आणि ते किडे उरलेसुरले अन्न खाणारे, निरुपद्रवी असतात. झोअँथिडची एक सडलेली वसाहत बाहेर काढावी लागली, ती हातमोजे आणि चष्मा घालूनच काढली. या प्राण्यांत पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत जहाल विष असू शकते. त्यांचा दगड उघड्या हाताने घासणे किंवा उकळत्या पाण्यात टाकणे हे जिवावर बेतू शकते, आणि ही गोष्ट विकणारे लोक क्वचितच सांगतात म्हणून मी ती इथे मुद्दाम लिहीत आहे.

तापमानाचा संशय सर्वांनीच घेतला होता, आणि गोव्यातल्या मे महिन्यात तो घेणे स्वाभाविकही आहे. पाणी फार तापले की प्रवाळ आपल्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली प्रवाळ मोठ्या प्रमाणावर असेच पांढरे पडले होते. पण माझे प्रवाळ पांढरे पडत नव्हते. त्यांचा रंग शाबूत होता, किंबहुना थोडा काळवंडला होता, आणि अंग आक्रसून विरघळत होते. शिवाय सम्पवर दोन पंखे लावलेले असल्यामुळे पाणी २८ अंशांच्या वर जातच नव्हते. पंखा पाणी थंड करतो तो वाफ करून, आणि त्यामुळे एप्रिल-मेमध्ये आमच्या टाकीतून रोज पाच लिटर पाणी उडून जाते. तेवढेच गोडे पाणी शेजारच्या पिंपातून लहान पंपाने आपोआप भरले जाते. हे वाक्य मी वहीत लिहिले आणि प्रथमच त्याच्यावर अडखळलो.

रोजचे पाच लिटर म्हणजे महिन्याचे दीडशे लिटर. माझा धंदा हिशेबाचा, तेव्हा मी पानाच्या मधोमध रेघ मारली आणि टाकीचा जमाखर्च मांडला. जमेच्या बाजूला पिंपातले पाणी, मीठ, माशांचे खाणे आणि खनिजांचे थेंब. खर्चाच्या बाजूला वाफ, फेसाबरोबर मळ वेगळा काढणाऱ्या स्किमरमध्ये साचणारा मळ आणि महिन्याला बदललेले पाणी. वाफ होऊन जाते ते केवळ पाणी. पिंपातल्या पाण्यात दुसरे काही विरघळलेले असेल तर ते सगळे मागे राहते, आणि उद्या आणखी पाच लिटरांबरोबर त्याच्यात भर पडते. ही जमा दोन महिने चालू राहिली तर खर्ची पडण्याचा तिला मार्गच नाही. एवढेच नव्हे, तर खारे पाणीही मी त्याच पिंपातल्या पाण्यात मीठ कालवून तयार करत होतो. म्हणजे ते चाळीस टक्के पाणी बदलताना मी त्याच पिंपातले शंभर लिटर एकदम टाकीत ओतले होते, आणि क्षारता सुधारतानाही तेच चालले होते.

पिंपात येणारे पाणी आमच्या परसातल्या विहिरीचे असते. जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी इकडे बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी लागते. आमच्या विहिरीचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे माप, साठच्या आसपास आहे. एवढे चांगले पाणी असताना आरओ कशाला, असे येणारा प्रत्येक जण विचारतो. पण त्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड टीडीएस मीटरला दिसत नाही, तो आरओच्या पडद्यातून सहज पलीकडे जातो आणि पुढचे डीआय रेझिन, म्हणजे उरलेसुरले क्षार धरून ठेवणारे दाणे, भराभर खलास करतो. विहिरीचे पाणी आधी उघड्या पिंपात काढून रात्रभर त्यात हवेचे बुडबुडे सोडले तर रेझिन बरेच जास्त टिकते, हे मी पहिल्याच वर्षी शिकलो होतो. म्हणून रेझिनच संपले असेल असे वाटून मी मीटर आरओच्या नळीखाली धरला. शून्य आले. मग तोच मीटर साठवणीच्या पिंपात बुडवला. तीन.

नळीतून शून्य पडणारे पाणी पिंपात जाऊन तीन होत होते. आकडा क्षुल्लक आहे. वर्षभरापूर्वी मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते. हवेतला कार्बन डायऑक्साइड मिसळून फार तर एक येऊ शकतो. उरलेले दोन पिंपातच कुठूनतरी येत होते. पिंप खाद्यपदार्थ साठवण्याच्या दर्जाच्या प्लास्टिकचे, पंप प्लास्टिकचा, नळी सिलिकॉनची. झाकण उचलून आत विजेरी मारली तेव्हा पाण्यावर तरंगणारा गोळा आणि त्याचा दांडा दिसला, आणि मार्च महिना आठवला. शिगम्याच्या आदल्या आठवड्यात पिंपाचा प्लास्टिकचा फ्लोट तुटून सगळ्या खोलीत पाणी झाले होते. प्लंबरने त्याच्या पिशवीत होता तो बॉल कॉक बसवून दिला, आणि मी तो न पाहताच त्याला पैसे देऊन कामावर निघून गेलो होतो.

तो बॉल कॉक सोडवून मी सोप्यावर वर्तमानपत्रावर आणून ठेवला. गोळा प्लास्टिकचा होता, पण तोंड, दांडा आणि आट्याचा भाग पितळेचा. बाहेरून तो अजून पिवळाधमक होता. आतल्या बाजूला, जिथे पाण्याची धार सुटते त्या तोंडापाशी आणि आट्यांच्या खाचांत, मोरचुदासारखी निळसर हिरवी पूड बसली होती. नखाने खरवडली तर ती ओलसर लागली आणि नखाखाली पांढुरका पट्टा उरला. आई तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर करून पाहिले आणि म्हणाली, "हे तर कळकलंय. बिनकल्हईच्या पितळेच्या टोपात कोणी सोलांचं सार ठेवतं का? आणि हे तू त्या जिवांना पाजत होतास?" तिच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता, तिला खरेच आश्चर्य वाटले होते. आमच्या घरात पितळेच्या भांड्यांना दर वर्षी कल्हई लागत असे तेव्हाची ती गोष्ट मीही पाहिलेली आहे. आंबट पदार्थ पितळेत कळकतो हे मला माहीत होते, पण जे पाणी मी शुद्ध शुद्ध म्हणत होतो तेही पितळेला आंबटासारखेच लागू पडते, हे कधी मनात आले नव्हते.

त्याचे कारण असे. नळाच्या जड पाण्यात चुना असतो आणि कालांतराने त्याचा पातळ थर धातूवर बसून त्याचे रक्षण करतो. आरओ-डीआयच्या पाण्यात असे काहीच नसते. हवेतला कार्बन डायऑक्साइड मिसळून ते किंचित आम्लधर्मी झाले की पितळेतले तांबे आणि जस्त हळूहळू त्यात उतरू लागते. खुल्या समुद्राच्या पाण्यात तांब्याचे प्रमाण लिटरमागे एक मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी असते. माशांच्या अंगावरचे परजीवी मारण्यासाठी तांबेच औषध म्हणून वापरतात आणि त्याची मात्रा लिटरला साधारण ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम ठेवतात. मासे ती सोसतात. कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ ती सोसू शकत नाहीत, आणि म्हणूनच ते औषध प्रवाळांच्या टाकीत कधीही घालायचे नसते. मासे ठणठणीत असणे, कात टाकल्यावर कोळंबी मरणे, गोगलगाईंची पकड सुटणे, ही सगळी अक्षरे माझ्यापुढे महिनाभर लिहिलेली होती.

तांबे तपासण्याचा संच मागवून घेतला. पिंपातल्या पाण्याला पहिल्या आणि दुसऱ्या रंगछटेच्या मधला रंग आला, म्हणजे लिटरला सुमारे ०.२ मिलिग्रॅम. टाकीतल्या पाण्याला काहीच रंग आला नाही. इथे पुन्हा फसायला झाले असते, पण हिशेब मांडलेला होता. दीडशे लिटरांतून महिन्याला ३० मिलिग्रॅम तांबे आले आणि ते २५० लिटरांत पसरले, तर लिटरला ०.१२ होते, माझ्या संचाची पहिली छटाच ०.१५ ला सुरू होते. शिवाय खाऱ्या पाण्यातले तांबे बरेचसे दगडांना, वाळूला आणि मळाला चिकटते, त्यामुळे पाण्यात ते कमी दिसते. खात्रीसाठी वास्कोच्या स्नेह्यांनी पॉलीफिल्टर नावाची पांढरी गादी दिली. धातू शोषून घेणारी ही गादी तांब्याने निळसर होते. सम्पमध्ये पाण्याच्या वाटेवर ती ठेवली आणि चौथ्या दिवशी काढून पांढऱ्या बशीत पिळली. मळामुळे ती तपकिरी झाली होती, पण मधून कापल्यावर आतल्या थरात आकाशी झाक स्पष्ट दिसत होती. मी तो तुकडा उन्हात नेऊनही पाहिला.

उपाय त्यानंतर सोपा होता, फक्त लांबलचक होता. पिंप बदलले, पूर्ण प्लास्टिकचा फ्लोट मी स्वतः बसवला, आणि नव्या पिंपातले पाणी तीन दिवस साठवून टीडीएस व तांबे दोन्ही तपासल्यानंतरच वापरायला घेतले. दर चौथ्या दिवशी पंधरा टक्के पाणी बदलले, सक्रिय कोळसा दर आठवड्याला आणि गादी दर दहा दिवसांनी बदलली. एकदम सगळे पाणी बदलण्याचा मोह आवरला, कारण दगडांना धरून बसलेले तांबे पुढे कित्येक आठवडे थोडेथोडे सुटत राहणार होते आणि अशक्त झालेल्या प्रवाळांना आणखी एक धक्का द्यायचा नव्हता. या काळात बऱ्याच जणांनी समुद्र तासाभरावर असताना विकतचे मीठ कशाला कालवतोस, असे सुचवले. पावसाळ्यात मांडवी आणि जुवारी यांच्या मुखाशी येणारे पाणी गोडे आणि गढूळ असते, किनाऱ्याची क्षारता दिवसागणिक बदलते, आणि त्या पाण्यात काय काय वाहून आले आहे हे घरी तपासता येत नाही. एका अज्ञात पाण्यातून नुकताच सुटलेला मी दुसऱ्या अज्ञात पाण्यात पडायला तयार नव्हतो.

जूनमध्ये पाऊस लागला आणि हवेत दमटपणा इतका वाढला की पंख्यांनी पाण्याची वाफ होईना. पिंपातून भरावे लागणारे पाणी दिवसाला दीड लिटरवर आले, आणि एका मुसळधार रात्री वीज गेली ती सकाळीच आली. मी बॅटरीवरचा हवेचा पंप लावून टाकीशेजारी बसून होतो, दर तासाला तापमान पाहत होतो. त्या रात्रीने काही बिघडले नाही.

सुधारणेचे पहिले चिन्ह मशरूमांनी दाखवले. वाळूत पडलेले पाचही मी जाळीच्या झाकणाच्या डब्यात दगडाच्या चुऱ्यावर ठेवले होते, म्हणजे झोताने ते भरकटू नयेत. जूनअखेर त्यांतल्या तिघांनी चुरा धरून ठेवला आणि त्यांची चकती पुन्हा सपाट पसरली. जुलैत ग्रीन स्टार पॉलिपच्या एका कोपऱ्यात आधी सात, मग वीसेक हिरवे ठिपके आले. झोअँथिडच्या तीन वसाहतींपैकी एक पूर्ण गेली, एक अर्धी राहिली. झेनियाचा एकही देठ वाचला नाही, आणि त्याची उघडझाप जिथे दिसायची त्या दगडाकडे अजूनही रोज सकाळी माझे लक्ष जाते. टोडस्टूलची कड मात्र सडू लागली होती. स्नेह्यांच्या सल्ल्याने हातमोजे घालून धारदार पात्याने मी तो काळपट भाग निरोगी मांसापर्यंत कापून टाकला, उरलेला प्रवाळ टाकीच्याच वेगळ्या काढलेल्या पाण्यात धुतला आणि पूर्वीपेक्षा जास्त झोत लागेल अशा जागी ठेवला, म्हणजे पापुद्रा अडकून राहू नये.

चवथीच्या तयारीत घरात दोन दिवस कोणालाच टाकीकडे पाहायला सवड नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पुतणीने हाक मारली, "काका, याला केस आलेत." छत्रीच्या डाव्या बाजूचा पापुद्रा सुटून पाण्यात लोंबत होता आणि त्याखालून, मोहरीएवढ्या ठिपक्यांतून, पांढुरके पॉलिप बाहेर आले होते. मी मोजले तेव्हा चौतीस भरले. आठवड्याभरात उरलेला पापुद्राही गेला.

आता तुळशीचे लग्न होऊन गेले आहे. टोडस्टूलची छत्री पूर्वीच्या निम्मी आहे, पण रोज दहाच्या सुमारास पूर्ण फुलते. वाचलेल्या गोगलगाई तीन आहेत आणि तिन्ही काचेवर चढतात. नवी कोळंबी मी अद्याप आणलेली नाही. गादीचा शेवटचा तुकडा दोनदा स्वच्छ निघाला आहे, तिसऱ्यांदा निघाला तर आणीन. पिंपाचा टीडीएस वहीत दर रविवारी लिहितो, आणि रिफ्रॅक्टोमीटर महिन्याच्या पहिल्या तारखेला सोनाराने तोललेल्या मिठाच्या त्याच बाटलीवर तपासतो. बाटली अर्धी उरली आहे.